कमी जोखमीचा माणूस

द्वितीय वर्ष, कला

अर्थशास्त्राच्या सरांनी चर्चासत्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी मी वर्गात उशिरा पोहोचलो. 'श्रमाचा करार' हा विषय सर्वांना एकच होता; व्यवसाय मात्र ज्याच्या त्याच्या चिठ्ठीत निघेल तो. कुणाला बांधकाम मिळाले, कुणाला चित्रपट. एकाला आयपीएल मिळाले आणि तो दिवसभर कॉलर ताठ करून हिंडला. डब्यात शेवटी उरलेली चिठ्ठी माझी. तीत दोनच शब्द होते : 'व्यावसायिक फुटबॉल'.

आमच्या गावी फुटबॉल नाही. शाळेत एक चेंडू होता, पण पंप नसल्यामुळे तो कपाटात चेपून पडलेला असे. मेस्सीचे नाव मात्र मला ठाऊक होते. त्या भांडवलावर मी रात्री वसतिगृहात मोबाइल आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन बसलो. जो पहिला लेख उघडला तो एका खेळाडूच्या कराराविषयी होता. दीड पान वाचून झाल्यावर शंका आली, की हा गृहस्थ चेंडू सारखा हाताने का फेकतो आहे? आणखी अर्ध्या तासाने उलगडा झाला. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हेच. हा अमेरिकेचा फुटबॉल. त्यातला चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट, तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर उडी घेऊन माणूस खाली पाडायचा. फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात आणि सगळा डाव त्याच्या डोक्याने चालतो.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारले, "सर, चुकीचा फुटबॉल वाचला. बदलू का?" सर म्हणाले, "चिठ्ठीत देशाचं नाव नव्हतं. जो वाचलास तोच सांग."

म्हणून हा लेख. खेळ कसा खेळतात हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण खेळाडूला कामावर ठेवण्याचा कागद कसा लिहितात, ते मात्र मी बऱ्यापैकी वाचले आहे. विशेषतः ज्या कागदाला तिकडचे लोक 'कमी जोखमीचा करार' म्हणतात, तो.

त्या पहिल्या लेखातल्या माणसाचे नाव कॅम न्यूटन. कॅरोलायना पँथर्स नावाच्या संघाने त्याला २०११ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत आधी उचलले. २०१५ च्या हंगामात तो सगळ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढे खांदा दुखावला, दोनदा शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये हंगामापूर्वीच्या एका सराव-सामन्यात पाय दुखावला. त्या हंगामात तो जेमतेम दोन सामने खेळला. २४ मार्च २०२० रोजी संघाने त्याला मोकळे केले. ते दिवस कोरोनाचे. दुसऱ्या संघांचे डॉक्टर प्रवास करून त्याचा पाय आणि खांदा तपासू शकत नव्हते, आणि न तपासता मोठा पैसा लावायला कोण धजतो? बैल घेणारासुद्धा आधी दात पाहतो, मग दोन पावले चालवून पाहतो. तीन महिने या माणसाला कुणी विचारले नाही.

जूनच्या अखेरीस न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने त्याला एका वर्षासाठी घेतले. ज्या सराव-सामन्यात त्याचा पाय दुखावला होता तो याच संघाविरुद्ध झाला होता, हा केवळ योगायोग. बातम्यांत आकडा झळकला ७५ लाख डॉलरचा. पण कागद उलगडला की आकडा कसा विरत जातो, ते पाहण्यासारखे आहे.

मूळ पगार १० लाख ५० हजार डॉलर. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूला त्या वर्षी नियमाने कमीत कमी जेवढे द्यावेच लागत होते, तेवढाच. त्यातले ५ लाख ५० हजार हमीचे, म्हणजे उद्या संघाने काढून टाकले तरी त्याचेच. नंतर ७ लाख डॉलर हजेरीचे. सामने सोळा, ज्या सामन्याला तो खेळणाऱ्यांच्या यादीत असेल त्या प्रत्येक सामन्याचे ४३ हजार ७५० डॉलर, नसेल त्याचे काही नाही. उरलेले ५७ लाख ५० हजार सगळे 'जर'वर टांगलेले. जर अमुक इतका वेळ मैदानात राहिला, जर संघ बाद फेरीत गेला, जर वर्षाअखेरीस मानाच्या संघात त्याचे नाव आले, तर. म्हणजे पंचाहत्तर लाखांतले अगदी खात्रीचे असे फक्त साडेपाच लाख.

मी वहीत त्याच्यासाठी सोळा चौकटी आखल्या आणि तो ज्या सामन्यात खेळला त्या चौकटीत बरोबरची खूण केली. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

आता हा कागद असा का लिहितात, हे समजायला थोडे मागे जावे लागते. त्या लीगमध्ये बत्तीस संघ आहेत, आणि प्रत्येक संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती पैसा खर्च करायचा याला वरून मर्यादा आहे. २०२० साली ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. मालक कितीही गबर असो, सर्वांना तीच मर्यादा. तेवढ्यात त्रेपन्न खेळाडू बसवायचे. त्यामुळे संघाच्या कारभाऱ्याला नुसता पैसा मोजून चालत नाही, त्याला जागा मोजावी लागते. आईच्या ट्रंकेसारखे आहे ते. लुगडे कितीचे हा प्रश्न वेगळा, ट्रंकेत किती जागा अडवते हा वेगळा.

ही मर्यादा खेळाडूंनी का मान्य केली? तर मोकळेपणाच्या बदल्यात. पूर्वी करार संपला तरी खेळाडूला मनाजोगत्या संघात जाणे जवळजवळ अशक्यच असे. १९८७ साली त्यांच्या संघटनेने २४ दिवस संप केला. मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने चालू ठेवले आणि संप मोडला. मग खेळाडू न्यायालयात गेले. १९९२ साली मिनियापोलिस येथे ज्यूरीने फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सोबत्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, नवा सामूहिक करार झाला : ठरावीक हंगाम खेळलेला माणूस करार संपल्यावर मोकळा, त्याने हवे तिथे जावे. त्याला ते 'फ्री एजंट' म्हणतात. त्याच्या मोबदल्यात १९९४ पासून खर्चाची मर्यादा आली. संप हरलेले लोक दावा जिंकले, हे वाचून मला पुष्कळ बरे वाटले. मात्र मोकळा झालेला माणूस दोन्ही अर्थांनी मोकळा असतो. तो जाऊ शकतो, आणि त्याला कुणी न घेताही राहू शकते.

अशा मोकळ्या माणसांत जे तरुण आणि धडधाकट, त्यांच्यासाठी पैशाच्या राशी ओततात. सहीच्या वेळीच भली मोठी रक्कम हातात देतात. तिला सहीचा बोनस म्हणू. गंमत अशी की पैसा आज दिला तरी हिशेबात तो कराराच्या वर्षांवर, फार तर पाच वर्षांवर, वाटून दाखवता येतो. चार वर्षांच्या करारात ८० लाख दिले तर दरसालच्या मर्यादेत वीस-वीस लाखच अडतात. पण दुसऱ्या वर्षी तो खेळाडू निकामी झाला आणि संघाने त्याला काढले, तर न दाखवलेले उरलेले सगळे पैसे संघाच्या खात्यावर येऊन आदळतात. माणूस गेला तरी त्याचा पैसा जागा अडवून बसतो. याला तिकडे 'डेड मनी' म्हणतात. मेलेला पैसा. हा शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केला. कारभारी लोक याच्या भुताला फार भितात.

कमी जोखमीचा करार म्हणजे, थोडक्यात, हे भूत मागे लागू न देणारा करार. म्हणून तो एक वर्षाचा. म्हणून सहीचा बोनस नाही किंवा नावापुरता. म्हणून हमी थोडी आणि हजेरी फार. यातली सर्वांत हुशार गोष्ट मला समजायला दोन रात्री लागल्या. 'जर'वर टांगलेला पैसा यंदाच्या मर्यादेत धरायचा की नाही, हे ठरवण्याचा नियम असा : गेल्या हंगामात जे घडले ते यंदाही घडेल असे मानायचे, जे घडले नाही ते घडणार नाही असे मानायचे. न घडणारे धरायचेच नाही; घडलेच, तर पुढच्या वर्षी खात्यावर टाकायचे. न्यूटन २०१९ मध्ये दोन सामने खेळला होता. म्हणून सोळा हजेऱ्यांपैकी दोनच धरल्या, ८७ हजार ५०० डॉलर. बाकी चौदा 'न घडणाऱ्या'. मूळ पगार मिळवून सगळा माणूस ११ लाख ३७ हजार ५०० डॉलरच्या जागेत बसला. शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक. गेल्या वर्षी तो पडला होता, म्हणूनच यंदा तो स्वस्तात मावला. त्याची दुखापत दोनदा संघाच्या कामी आली : एकदा भाव पाडायला, एकदा जागा वाचवायला.

या करारावर त्या वेळी बराच गहजब झाला. ज्याला लीगने सर्वोत्तम म्हणून गौरवले तो किमान वेतनावर कसा, असे दुसऱ्या संघातले खेळाडूही उघड म्हणाले. न्यूटन त्या हंगामात पंधरा सामने खेळला. एक कोरोनामुळे हुकला. माझ्या वहीत पंधरा खुणा आहेत. संघ सात जिंकला, नऊ हरला. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा एका वर्षासाठी घेतले आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, मोकळे केले. जागा एका नव्या पोराला मिळाली.

असेच सगळ्यांचे होते असे मात्र नाही. बेकर मेफील्ड नावाचा दुसरा एक क्वार्टरबॅक, तोही २०१८ सालच्या निवडीत पहिलाच उचललेला. २०२२ च्या एकाच हंगामात तो दोन संघांचे अंगरखे घालून झाला आणि लोकांनी त्याला निकालात काढले. २०२३ मध्ये टँपा बे संघाने त्याला एक वर्ष दिले, ४० लाख डॉलर हमीचे आणि 'जर' धरून ८५ लाखांपर्यंत. तो खेळला, संघ बाद फेरीत नेला. मार्च २०२४ मध्ये त्याच संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला, निम्मा हमीचा. तेव्हा हा कागद म्हणजे नुसता फासच असे म्हणता येत नाही. कुणाला तो शिडीसारखाही लागतो. फक्त शिडी मोडली तर खाली कोण पडणार, ते आधीच लिहिलेले असते.

याच संघातला एक प्रसंग मी मोबाइलवर तीनदा पाहिला. रॉब ग्रोंकोव्स्की नावाचा धिप्पाड खेळाडू, एका वर्षाच्या करारावर. त्याच्या कागदात दोन 'जर' होते : हंगामात ५५ झेल घेतले तर ५ लाख डॉलर आणि ७५० यार्ड मजल मारली तर आणखी ५ लाख. ९ जानेवारी २०२२ रोजी साखळीतला शेवटचा सामना. त्याला सात झेल आणि ८५ यार्ड कमी होते. यार्ड केव्हाच झाले, झेल एक राहिला. सामना जिंकल्यात जमा होता. अशा वेळी मुख्य खेळाडूला बाहेर घेतात, उगीच दुखापत नको. पण चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी, वय ४४, बाहेर जायला तयार होईना. मित्राचा एक झेल राहिलाय म्हणून तो मैदानात थांबला, चेंडू त्याच्याकडे टाकला, पंचावन्नावा झेल झाला, आणि मगच तो निघाला. आमच्याकडे फडात एखाद्याची मोळी उचलायची राहिली असली की शेजारचा न सांगता हात लावतो, ते मला आठवले. माझ्या खोलीतल्या मित्राने विचारले, "डोळ्यात काय गेलं रे?" मी म्हटले, मोबाइलचा उजेड.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो याहून रुक्ष भाग, म्हणजे संघटनेने मालकांशी ठरवलेले किमान नियम. किमान पगार सगळ्यांना सारखा नाही, तो अनुभवाबरोबर चढतो. २०२० साली अगदी नव्या खेळाडूला ६ लाख १० हजार, दोन हंगाम झालेल्याला ७ लाख ५० हजार, सात किंवा अधिक झालेल्याला १० लाख ५० हजार डॉलर. ऐकायला चांगले आहे, पण त्यातच एक खोच आहे. म्हातारा महाग पडू लागला की संघ म्हणणार, मग पोरगाच घेऊ. चढता किमान पगार म्हाताऱ्याच्याच मुळावर येणार. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. चार हंगाम झालेल्या माणसाला एका वर्षासाठी, किमान पगारावर, वर फारसा बोनस न देता घेतले, तर त्याला पगार त्याच्या अनुभवाप्रमाणे पूर्ण द्यायचा. पण संघाच्या मर्यादेत मात्र तो दोन हंगामवाल्याच्या किमतीचा धरायचा. म्हणजे १० लाख ५० हजार देऊन जागा अडते ७ लाख ५० हजारांची. कुणा डोकेबाज माणसाने टेबलाशी बसून म्हाताऱ्या, दुखऱ्या खेळाडूंचा विचार करून हे कलम लिहिले असेल, याचे मला फार कौतुक वाटले.

दुसरा नियम असा, की अशा जुन्या खेळाडूचे नाव हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या यादीत असले, तर नंतर काढला तरी उरलेल्या वर्षाचा पगार तो मागू शकतो. (आयुष्यात एकदाच, पण मागू शकतो.) आणि सामन्यात अगर सरावात जखमी झाला, तर त्या हंगामाचा पगार बुडत नाही. यातही पळवाटा आहेत. काही संघ जुन्या माणसाला पहिला सामना होईस्तोवर घरी बसवतात आणि सोमवारी बोलावतात. काहींच्या करारात जखमी झाल्यास पगार कमी, अशी दुहेरी रक्कमच लिहिलेली असते. ज्या अवयवाचे जुने दुखणे आहे तो वगळूनही सही घेतात. मालक कुठलाही असो, कागदाला भोक पाडणारे वकील त्याच्याकडे असतातच. तरीपण भोक पाडायला आधी भिंत तर आहे.

चर्चासत्रात मी हे सगळे सांगितले. फळ्यावर सोळा चौकटी काढल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "पावणेआठ कोटी रुपये मिळाले त्याला, अन् हा रडतोय!" वर्ग हसला, मीही हसलो. खोटे तर नव्हते ते. माझ्या अख्ख्या गावाने जन्मभर राबून तेवढे पाहिले नसतील. सर हसले नाहीत. म्हणाले, "पैसा किती ते छान सांगितलंस. करार मोडला तर कुणाचं काय जातं, एवढंच दोन वाक्यांत सांग." मला दोन वाक्यांत सांगता आले नाही. मी 'डेड मनी'चा अर्थ पुन्हा सांगू लागलो आणि घंटा झाली.

त्याच आठवड्यात गौरी-गणपतीच्या सुट्टीला गावी गेलो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत. दसरा-दिवाळीनंतर निम्मे गाव ऊस तोडायला कारखान्याला जाते. माझे आई-वडील गेली बावीस वर्षे जातात. मीही सातवीपर्यंत त्यांच्याबरोबर कोपीत राहिलो आहे. पुढे आजीने मला गावात ठेवून घेतले, म्हणून आज या पानावर माझे नाव आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो, आणि मग ऊस तोडून ती फेडायची.

यंदा मुकादममामा स्टँपपेपर घेऊन आले तेव्हा अण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. गेल्या फेब्रुवारीत ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळीसकट घसरले तेव्हापासून ते असेच बसतात. वीस दिवस काम बुडाले. दिवसाला पाचशेप्रमाणे खाडा लागला, उचल फिटली नाही, आणि एकंदर बावीस हजार अंगावर राहिले. गेल्या साली उचल लाखाची होती. मामा म्हणाले, "औंदा साठ. तुझी कंबर म्हंजी भरवशाची ऱ्हायली न्हाय, दाजी."

बावीस वर्षे अण्णांनी हा कागद न वाचता सही केली. त्या दिवशी ते मला म्हणाले, "वाच रं. शिकतूस ना."

मी वाचू लागलो. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', उचलीची रक्कम, मागील बाकी वळती, गैरहजेरीस दररोज रुपये पाचशे. इथपर्यंत मी सराईतपणे वाचत होतो. मनात नाही म्हटले तरी थोडा तोराच होता. न्यूटनला आला त्या दिवसाचे पैसे. अण्णांचे न आलेल्या दिवसाचे कापणार. तिकडे मेलेला पैसा संघाच्या खात्यावर पडतो. आमचा अण्णांच्या अंगावर. सरांचे उत्तर मला ओसरीवर सापडत होते. पुढच्या ओळीला मी थांबलो. 'सदर इसम आजारी पडल्यास अगर काम करण्यास असमर्थ ठरल्यास त्याचा मुलगा नामे', आणि पुढे माझे संपूर्ण नाव, 'हा त्याचे जागी काम करून रक्कम फेडील.'

मी म्हणालो, "मामा, ह्यात माझं नाव हाय."

"मग? हमी नको का काही?"

न्यूटनच्या कागदात हमी खेळाडूला दिलेली होती.

मामांना मी खलनायक म्हणणार नाही. त्यांनाही वरून पैसे येतात ते त्यांच्या दोन एकरांवर. एखादा कोयता पळाला तर ते पैसे त्यांनाच भरावे लागतात, आणि एकदा भरलेले मी पाहिले आहेत. कारखाना आपली काळजी त्यांच्या गळ्यात बांधतो, ते अण्णांच्या, आणि अण्णांच्या नकळत ती माझ्या गळ्यात आली होती. मी मामांना समजावू लागलो, की कामावर असताना दुखापत झाली तर त्या दिवसांचा खाडा धरू नये, अशी एक ओळ घाला. अमेरिकेत तसे असते, असेही बोलून गेलो. मामा माझ्याकडे पाहातच राहिले. मग म्हणाले, "अमेरिकेत ऊस हाय का?" आहे, लुइझियानात आणि फ्लॉरिडात, पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती.

अण्णा काहीच बोलत नव्हते. आई चुलीपासून उठून दारात आली. कोयता दोघांचा, पण या कागदावर तिचे नाव कधीच नसते. तिने विचारले, "पोराचं नाव खोडलं तर किती?"

मामांनी बराच वेळ तंबाखू मळली. "चाळीस."

"लिवा चाळीस."

चाळिसातून बावीस वळते झाले. हातात अठरा हजार आले. त्यातच माझी फी, आजीचे औषध आणि निघतानाचे सामान. खाड्याची ओळ तशीच राहिली. माझ्या नावावर मामांनी पेनाने दोन आडव्या रेघा मारल्या आणि बाजूला सही केली. मी तो कागद उजेडात धरून पाहिला. रेघांखालून नाव अजून वाचता येते.

परत आल्यावर मी 'कमवा आणि शिका'त नाव घातले. रोज तीन तास ग्रंथालयात पुस्तके लावतो. सरांना एकदा ते उत्तर सांगायला गेलो होतो, पण त्यांच्या खोलीत परीक्षेचे काम चालू होते, आणि मग राहूनच गेले. त्यांनी हा अंक वाचला तर पोहोचेल.

आई दर रविवारी फडावरून कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन करते. अण्णांची कंबर कशी आहे हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही. खाडे किती, एवढेच विचारतो. न्यूटनच्या सोळा चौकटींखाली जागा होती, तिथे मी दिवाळीपासूनच्या दिवसांच्या चौकटी आखल्या आहेत. हा लेख द्यायची मुदत उद्या संपते. काल रात्री फोन आला तोपर्यंत तीन खाडे झाले होते.